नोकरी खाणाऱ्यासाठी मोर्चा?

बाहेरची माणसं आली की आपल्या नोकऱ्या जातात, हे वाक्य मराठी वाचकाला नवं नाही. मुंबईत ते साठ वर्षं ऐकू येतं आहे. म्हणून लंडन किंवा ग्लासगोच्या रस्त्यावरचा एक देखावा आपल्याकडच्या माणसाला बुचकळ्यात टाकतो. निर्वासितांच्या बाजूने मोर्चा निघालेला असतो आणि त्यातले सगळ्यात मोठे बॅनर असतात ते युनियनांचे. शिक्षक, परिचारिका, रेल्वेवाले, अग्निशमन दलाचे जवान आपापल्या बॅनरमागे चालत असतात. ज्यांच्या पोटावर पाय यायचा, तेच लोक ‘येऊ द्या त्यांना’ म्हणत रस्त्यावर का उतरतात?

चटकन सुचणारी उत्तरं दोन. एक, माणुसकी. दोन, डाव्यांचं राजकारण. दोन्ही खोटी नाहीत, पण पुरी पडत नाहीत. युनियन म्हणजे अन्नछत्र नव्हे. ती सभासदांच्या वर्गणीवर चालते आणि वर्गणी देणारा ‘यात माझं काय?’ असं विचारतोच. विचारायलाच हवं. त्याला मिळणारं उत्तर पगाराच्या हिशेबात आहे, आणि ब्रिटिश युनियनांना तो हिशेब जमायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली.

१. कोण कुठल्या रांगेत

आधी तीन माणसं वेगळी करू. कामाचा व्हिसा काढून दुसऱ्या देशात जातो तो स्थलांतरित. केरळची नर्स किंवा पुण्याचा संगणक अभियंता. छळाच्या भीतीने देश सोडलेला आणि ती भीती खरी असल्याचं दुसऱ्या सरकारने मान्य केलेला माणूस म्हणजे निर्वासित. आणि ज्याचा अर्ज अजून सरकारी टेबलावर पडून आहे तो आश्रयार्थी. आज जो आश्रयार्थी आहे तो उद्या निर्वासित ठरेल किंवा त्याला परत पाठवलं जाईल. तोवर तो अधांतरी.

या सगळ्याचा पाया म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा १९५१ चा करार. दुसऱ्या महायुद्धाने उखडलेल्या माणसांसाठी तो झाला आणि १९६७ मध्ये त्याची व्याप्ती जगभर वाढली. ब्रिटनची त्यावर सही आहे. भारताची नाही, पण तो वेगळा विषय. कराराचा गाभा एवढाच, की जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही. यात एक मोठी अडचण आहे. ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा तर आधी ब्रिटनच्या भूमीवर पाऊल ठेवावं लागतं, पण आश्रय मागण्यासाठी म्हणून व्हिसा मिळत नाही. मग माणसं रबरी होडीत बसून इंग्लिश खाडी ओलांडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अशी एक होडी उलटून किमान २७ जण बुडाले.

पोहोचल्यावर काय? २००२ पर्यंत, अर्ज सहा महिने रखडला तर आश्रयार्थीला काम करण्याची परवानगी मागता येत असे. त्या वर्षी ही सोय काढून घेतली. आता बारा महिने थांबावं लागतं, आणि त्यानंतरही सरकारने ठरवलेल्या यादीतलीच कामं करता येतात. तोवर सरकार डोक्यावर छप्पर देतं आणि, २०२४ च्या दराने, आठवड्याला ४९.१८ पौंड. दिवसाला सात पौंड. २०२४ मध्ये लंडनच्या बसचं एका वेळचं तिकीट पावणेदोन पौंडांचं होतं. हे आकडे मुद्दाम दिले, कारण पुढचा हिशेब त्यांच्यावर उभा आहे.

२. भीतीचा भाव

एक काल्पनिक कारखाना घेऊ. भाज्या पाकिटात भरण्याची एक शेड, त्यात दहा कामगार. २०२५-२६ या वर्षी प्रौढांसाठी कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. हिशेबासाठी तोच दर धरू. चाळीस तासांच्या आठवड्याचे एका कामगाराचे झाले ४८८.४० पौंड.

आता मालकाने दोन आश्रयार्थी गुपचूप कामावर घेतले, तासाला पाच पौंडांनी. त्यांचे आठवड्याचे दोनशे. प्रत्येकामागे मालकाचे २८८.४० पौंड वाचले, दोघांमागे ५७६.८०. ते दोघं तक्रार कुठे करणार? विनापरवाना काम करणं हा २०१६ च्या कायद्याने गुन्हाच ठरवला आहे. तक्रार करायला गेले तर पहिले तेच अडकतील. म्हणजे मालक विकत घेतो आहे ती मजुरी अर्धी आणि भीती अर्धी.

पण हिशेब इथे थांबत नाही. दुसऱ्या आठवड्यात मालक आधीच्या दहांना सांगतो, ओव्हरटाइमचा जादा दर बंद. कुरकुर केली तर म्हणतो, बाहेर बरेच उभे आहेत. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सकाळी फाटकापाशी उभा असलेला बदली कामगार कायम कामगाराचा शत्रू नव्हता, पण जोवर त्याला काही हक्क नव्हते तोवर त्याचं नुसतं उभं असणंही आतल्या माणसाचा आवाज खाली आणायला पुरत असे.

दहा जणांपुढे आता दोन वाटा आहेत. पहिली, त्या दोघांना हाकलून द्यायचं. ते शेजारच्या शेडमध्ये जातील, चार पौंडांनी. दुसरी, त्या दोघांना कामाचा परवाना मिळावा म्हणून भांडायचं आणि युनियनचं कार्ड द्यायचं. परवाना हातात पडला की पाच पौंडांचा दर टिकत नाही, कारण तो दर त्यांच्या कौशल्याचा नव्हताच.

एक शंका वाचकाच्या मनात आली असेलच. परवाना असो वा नसो, माणसं वाढली की मजुरी पडणारच ना? ब्रिटनमधल्या अभ्यासांचा एकूण निष्कर्ष असा, की सरासरी पगारावर स्थलांतराचा परिणाम अगदी थोडा होतो. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या कामगारांना तो जास्त जाणवतो. म्हणजे ‘काहीच परिणाम नाही’ असं छातीठोकपणे सांगणारा युनियनचा पुढारीही पूर्ण खरं बोलत नसतो. खालच्या पायरीवर युनियन मुळातच कमजोर असते, ही खरी दुखरी जागा आहे.

पहिली वाट सोपी दिसते. ब्रिटिश युनियनांनी आधी तीच धरली.

३. ‘यांना येऊ देऊ नका’

१८८१ नंतर झारच्या रशियात ज्यूंवर हल्ल्यांची लाट आली. पळालेल्यांपैकी हजारो जण लंडनच्या ईस्ट एंडमध्ये उतरले आणि कोंदट खोल्यांत शिवणकामाला लागले. दिवस उजाडल्यापासून रात्रीपर्यंत काम, तुटपुंजी मजुरी. ब्रिटनमधल्या युनियनांचा महासंघ म्हणजे ट्रेड्स युनियन काँग्रेस, ज्याला सगळे टीयूसी म्हणतात. १८६८ मध्ये मँचेस्टरला स्थापन झालेल्या या महासंघाने १८९० च्या दशकात एकदा नव्हे, अनेकदा ठराव केले, की या परक्यांना येण्यापासून रोखा.

ज्यू कामगारांच्या स्वतःच्या युनियना होत्या. त्यांनी १८९५ मध्ये एक पत्रक काढून उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की मजुरी आम्ही पाडत नाही, आम्हाला राबवणारे पाडतात. शिवाय आमच्यामुळे इथे नवे धंदे उभे राहिले. पत्रकाचा फारसा उपयोग झाला नाही. १९०५ मध्ये ‘एलियन्स अ‍ॅक्ट’ आला आणि आधुनिक ब्रिटनची दारं पहिल्यांदा अधिकृतपणे अर्धी मिटली. मात्र धर्मामुळे किंवा राजकारणामुळे छळ होत असलेल्यांना त्यात सवलत होती.

महासंघाच्या व्यासपीठावर हे चाललं असताना खाली गल्लीत वेगळंच घडत होतं. १८८९ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला. त्याच सुमारास ज्यू शिंपीही संपावर गेले. गोदी कामगारांनी आपल्या संपनिधीतले शंभर पौंड शिंप्यांना दिले. १९१२ मध्ये परतफेड झाली. गोदी कामगारांचा संप लांबला, घरात चूल पेटेना, तेव्हा ईस्ट एंडमधल्या ज्यू कुटुंबांनी त्यांची तीनशेच्या वर मुलं आपल्या घरी ठेवून घेतली. ऑक्टोबर १९३६ मध्ये ऑस्वाल्ड मोझलेचे काळ्या शर्टातले फासिस्ट ज्यू वस्तीतून संचलन करायला निघाले, तेव्हा केबल स्ट्रीटवर अडथळे रचणाऱ्यांत ज्यूंच्या बरोबरीने आयरिश गोदी कामगार होते. ठराव बदलायच्या आधी शेजार बदलला होता.

४. लांबच्या माणसाशी एकजूट

२६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधलं गेर्निका हे बास्क गाव बाँबफेकीत बेचिराख झालं. महिन्याभरात ‘आबाना’ हे जहाज बिल्बाओजवळून जवळजवळ चार हजार मुलं घेऊन साउदॅम्प्टनला लागलं. ब्रिटिश सरकारची अट अशी, की सरकारी तिजोरीतून पैसा मिळणार नाही. दर मुलामागे आठवड्याला दहा शिलिंगांची हमी खासगी मंडळींनी द्यायची. युनियना, चर्च आणि साध्या नागरिकांनी ती पेलली. साउथ वेल्सच्या खाण कामगारांनी, जे स्वतः मंदीत पिचलेले होते, कारलिऑन इथल्या मुलांच्या वसतिगृहाचा भार उचलला.

पुढची गोष्ट स्कॉटलंडची. सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीत लष्कराने बंड केलं, तेव्हा हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बाँब टाकले. त्या विमानांची इंजिनं दुरुस्तीसाठी ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइडच्या रोल्स-रॉइस कारखान्यात येत. १९७४ मध्ये बॉब फुल्टन नावाच्या तपासनिसाच्या समोर त्यातलं एक आलं. त्याने हात लावायला नकार दिला आणि कारखान्यातल्या युनियनने तो नकार आपला मानला. इंजिनं चार वर्षं आवारात पावसात पडून राहिली. १९७८ च्या एका रात्री ती गुपचूप हलवली गेली. दरम्यान सुमारे तीन हजार चिलीयन निर्वासित ब्रिटनमध्ये आले, आणि खाण कामगारांच्या युनियनने आपल्या चिलीयन व्यवसायबंधूंना स्कॉटलंडमध्ये घर मिळवून दिलं. या इंजिनांवर २०१८ मध्ये ‘ने पासारान’ हा माहितीपट निघाला.

दोन्ही गोष्टी सुरेख आहेत आणि युनियनांच्या व्याख्यानांत हटकून सांगितल्या जातात. माझ्या मते मात्र या सोप्या परीक्षा होत्या. मुलं नोकरी मागत नव्हती. चिलीचे लोक थोडे होते, राजकीय विचारांनी जवळचे होते आणि शत्रू दूर होता. अवघड परीक्षा शेजारच्या मशीनवर बसलेल्या माणसाची.

५. शेजारच्या मशीनवर

ती परीक्षा पूर्व आफ्रिकेतून आली. केनियातले भारतीय वंशाचे लोक ब्रिटिश पासपोर्ट घेऊन येऊ लागले तेव्हा मार्च १९६८ मध्ये ब्रिटनने घाईघाईने कायदा करून त्यांची वाट अडवली. २० एप्रिलला इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केलं. त्याच्या पक्षाने त्याला आघाडीच्या बाकांवरून दूर केलं आणि २३ तारखेला लंडनचे गोदी कामगार काम टाकून संसदेवर चालून गेले, पॉवेलच्या समर्थनार्थ. ज्या गोद्यांमधून १८८९ चे शंभर पौंड आले होते, त्याच गोद्यांमधले हे लोक. युनियनचा सभासद आपोआप उदार असतो असं मानणाऱ्याने हा दिवस आठवावा.

ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यांत गुजराती सगळ्यात जास्त, पण सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारी गोव्याची कुटुंबंही होती. सुमारे अठ्ठावीस हजार लोक ब्रिटनला पोहोचले. कागदोपत्री त्यांतले बरेच ब्रिटिश पासपोर्टधारक, अनुभवाने सगळे निर्वासित. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन कळवलं, की आमच्याकडे येऊ नका. लोक तिथेच गेले. जिथे काम तिथे माणूस.

लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर्स या कारखान्यात अशा बऱ्याच आशियाई कामगारांची भरती झाली. १९७४ मध्ये त्यांना कळलं, की बोनस १६८ नगांपासून सुरू व्हायला हवा, पण दिला जातो तो २०० नगांपासून. १ मे रोजी ३९ जण बाहेर पडले, बघता बघता संप शेकडो जणांचा झाला. आणि त्यांच्या युनियनच्या स्थानिक अधिकाऱ्याने सांगितलं, तुम्ही रीतसर पद्धत पाळली नाही, आमचा पाठिंबा नाही. तीन महिन्यांनी संप संपला. पुढच्या वर्षी मालक कंपनीने कारखानाच बंद केला. मग गोऱ्या आणि सावळ्या, सगळ्यांच्याच नोकऱ्या गेल्या.

लेस्टरच्या संपानंतर दोन वर्षांनी लंडनमध्ये ग्रनविक घडलं. वायव्य लंडनमधला हा फोटो धुण्याचा कारखाना. सुटीवर काढलेल्या फोटोंचे रोल लोक टपालाने पाठवायचे, छायाचित्रं टपालाने परत जायची. कामगार बहुतांश पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. शौचालयाला जायलाही परवानगी मागायची आणि ओव्हरटाइम सक्तीचा. २० ऑगस्ट १९७६ ला संध्याकाळी जयाबेन देसाई घरी निघाल्या होत्या. त्यांना थांबून आणखी काम करायला सांगितलं. त्या बाहेर पडल्या, मुलगाही मागोमाग. काही दिवसांत संपकऱ्यांची संख्या १३७ झाली. युनियन नव्हतीच, संपानंतर ते अ‍ॅपेक्स या युनियनचे सभासद झाले. साडीवर कोट चढवून, हातात फलक घेऊन फाटकावर उभ्या राहिलेल्या या बायकांकडे आधी कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

कारखान्याची मान टपालात अडकलेली होती. जवळच्या क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी ग्रनविकची पाकिटं हाताळायची थांबवली आणि धंदा डळमळला. प्रकरण न्यायालयाच्या धमकीवर गेलं, काही पोस्टमनना निलंबित केलं गेलं. एका उजव्या गटाने रातोरात टपालाच्या थैल्या बाहेर काढून ठिकठिकाणच्या पेट्यांत टाकल्या. जून १९७७ पासून फाटकावर देशभरातून माणसं येऊ लागली. खाण कामगारांचे पुढारी आर्थर स्कारगिल यॉर्कशायरहून आपली माणसं घेऊन आले. ११ जुलैला सुमारे वीस हजार लोक जमले, आणि त्यांत लंडनच्या रॉयल गोद्यांच्या कामगार प्रतिनिधींचा बॅनर होता. नऊ वर्षांपूर्वी पॉवेलसाठी चाललेल्या गोद्यांमधून आता आफ्रिकेतून आलेल्या बायकांसाठी माणसं चालत आली.

संप मात्र हरला. न्यायमूर्ती स्कार्मन यांच्या चौकशी समितीने कामगारांना परत घ्या अशी शिफारस केली, मालकाने ती धुडकावली. वरच्या पातळीवरचे पुढारी थंड पडले. नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन आणि त्यांचे काही सहकारी टीयूसीच्या मुख्यालयासमोर उपोषणाला बसले, तर त्यांच्याच युनियनने त्यांना निलंबित केलं. जुलै १९७८ मध्ये सगळं आटोपलं. तरीही युनियनांनी हिशेब शिकला तो इथेच. बाहेरून आलेली बाई मजुरी पाडते असं समजणाऱ्यांनी तिला मजुरी वाढवण्यासाठी दोन वर्षं थंडीत उभं राहिलेलं पाहिलं.

६. सरकारी नोकर कोर्टात

आजचं सगळ्यात विलक्षण उदाहरण पीसीएस या युनियनचं. ही सरकारी कर्मचाऱ्यांची युनियन. आश्रयार्थींचे अर्ज तपासणारे कारकून आणि समुद्रावर गस्त घालणारे सीमा दलाचे अधिकारी तिचे सभासद. २०२१ मध्ये गृहखात्याने ठरवलं, की खाडीतल्या होड्या गस्ती नौकांनी फ्रान्सच्या दिशेने मागे लोटायच्या. पीसीएस आणि केअर फॉर कॅले ही मदतसंस्था न्यायालयात गेल्या. युनियनचा मुद्दा भूतदयेचा होताच, पण चाकरीचाही होता. होडी उलटली तर बुडणाऱ्याचा जीव जाणार आणि खटला हुकूम पाळणाऱ्या कर्मचाऱ्यावर चालणार. सुनावणीच्या तोंडावर, एप्रिल २०२२ मध्ये, सरकारने धोरण मागे घेतलं.

त्याच महिन्यात आश्रयार्थींना रवांडाला पाठवण्याची योजना जाहीर झाली. तिलाही आव्हान देणाऱ्यांत पीसीएस होती. १४ जूनचं पहिलं विमान युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या तातडीच्या आदेशामुळे उडालं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने योजना बेकायदा ठरवली, सरकारने नवा कायदा करून ती पुन्हा उभी केली, आणि जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने गुंडाळली.

७. मोर्चात किती, घरी किती

युनियनचा बॅनर मोर्चात येतो तो असा. शाखेच्या बैठकीत कुणीतरी ठराव मांडतो, चर्चा होते, हात वर होतात. मग वार्षिक परिषदेत तो मंजूर होतो. त्यानंतर बसचं भाडं, पत्रकांची छपाई, स्वयंसेवक यांसाठी निधी मिळतो. मार्चमध्ये लंडनला वंशवादविरोधी मोर्चा निघतो, नोव्हेंबरअखेर ग्लासगोत स्कॉटिश महासंघाचा. सप्टेंबर २०१५ मध्ये, समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या चिमुकल्या सीरियन मुलाच्या छायाचित्राने जग हादरलेलं असताना, लंडनच्या मोर्चाला हजारो लोक आले होते.

ठराव मंजूर झाला म्हणजे सगळ्या सभासदांचं मत बदललं असं नव्हे. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला लहान मुलींवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर आश्रयार्थी असल्याची खोटी अफवा पसरली आणि रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला. ७ ऑगस्टला उलट बाजूने हजारो लोक रस्त्यावर आले, त्यांत युनियनांचे लोक होते. पण १३ सप्टेंबर २०२५ ला लंडनमध्ये स्थलांतरविरोधी पुढारी टॉमी रॉबिन्सनच्या हाकेला, पोलिसांच्या अंदाजाने, एक लाख दहा हजार ते दीड लाख माणसं आली आणि विरोधी मोर्चात सुमारे पाच हजार. त्या मोठ्या गर्दीत युनियनचं कार्ड खिशात असलेला एकही कामगार नसेल, असं कुठला पुढारी म्हणेल?

शाखेच्या बैठकीत आज जो सभासद चिडून उठतो तो मजुरीबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त बोलतो. मी नगरपालिकेच्या घरासाठी रांगेत, आणि यांना हॉटेल. याला ‘वंशवादी’ म्हणून गप्प बसवता येतं, पण पटवता येत नाही. म्हणून अनेक युनियना आता निर्वासितांचा प्रश्न आणि परवडणाऱ्या घरांचा प्रश्न एकाच पत्रकात मांडतात, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लिफ्ट द बॅन’ या मोहिमेत टीयूसी आणि इतर युनियना सहभागी आहेत. मागणी सोपी आहे. अर्ज सहा महिने रखडला तर आश्रयार्थीला काम करू द्या. तो कमावेल, कर भरेल, स्वतःचं भाडं स्वतः देईल, आणि पाच पौंडांनी राबवणाऱ्या मालकाला मजूर मिळणार नाही. एकामागून एक आलेल्या सरकारांचं उत्तर आजवर एकच राहिलं आहे. परवानगी दिली तर आणखी होड्या येतील.